गळ्यातली काजळी

“आतनं बी घासल्यास?” मामंजींनी विचारलं.

मी हो म्हणाले. नुसतं हो म्हणून थांबले असते तर बरं झालं असतं, पण मी सगळं सविस्तर सांगत बसले. बाहेरून चिंच-मीठ लावलं, मग राखेनं उजळल्या, मग विणायच्या सुईला फडकं गुंडाळून एकेकीच्या गळ्यात फिरवलं, तेव्हा कुठे ती काळी पुटं निघाली. पन्नासच्या पन्नास. दोन तास लागले.

खंडेनवमीची सकाळ होती. लग्न होऊन मी त्या घरात आले त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडायचं काम आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्यावर सोपवलं होतं आणि त्या अंबाबाईच्या दर्शनाला गेल्या होत्या. पाटावर मधोमध मामंजींची रायफल, एका बाजूला विळी, कोयता, माझी कात्री, दुसऱ्या बाजूला ह्यांचे पान्हे. आणि सगळ्यांच्या पुढे मामंजींच्या टेबलावरून आणलेल्या पितळी पुंगळ्या, दहा-दहाच्या पाच ओळींत, झेंडूच्या फुलांपेक्षाही लखलखीत.

पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच. गोळी उडून गेली की ते मागे उरतं. त्यात ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी घातली की पुन्हा काडतूस तयार. मामंजी फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते. रायफल क्लबच्या स्पर्धांसाठी लागणारी काडतुसं ते रीतसर परवाना काढून घरीच भरत. परवाना चौकटीत घालून भिंतीवर लावलेला होता, थेट आजेसासऱ्यांच्या फोटोशेजारी.

त्यांनी एक पुंगळी उचलली. खिडकीपाशी नेली, एक डोळा मिटून तिच्या गळ्यातून उजेडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“छान,” ते म्हणाले. “नावाला जागलीस.”

माझं नाव उज्ज्वला. मला आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी पुंगळी पुन्हा तिच्या जागी, ओळीत अगदी सरळ ठेवली आणि तिला हळद-कुंकू वाहिलं. हे मात्र नैवेद्याच्या वेळी स्वयंपाकघरात आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, तू त्या पुंगळ्यांना हात लावलास? मी विचारलं, का? तर म्हणाले, काही नाही, आणि डबा न घेताच कारखान्याच्या पाळीला निघून गेले. साखर कारखान्यातल्या माणसाला पितळेतलं काय कळणार, असं म्हणून मी सोडून दिलं.

त्या आठवड्यात घरात एकच विषय होता, तो म्हणजे येणारा रविवार. क्लबच्या चौघांच्या संघात मामंजी चौदा वर्षं होते. पण गेली दोन वर्षं त्यांचे गुण घसरत चालले होते, आणि क्लबच्या मंडळींनी ठरवून टाकलं होतं की रविवारी तीनशे मीटरवर तीस गोळ्यांत दोनशे सत्तर गुण झाले तर सुभेदार संघात, नाही झाले तर त्यांची जागा दुसऱ्याला. हे सांगायला संघाचे कप्तान मुल्लामास्तर स्वतः घरी आले होते. शाळेतून निवृत्त झालेला, मऊ बोलणारा माणूस, मामंजींचा तीस वर्षांचा दोस्त. त्या दिवशी त्यांनी चहाला हातसुद्धा लावला नाही. मामंजी हसून म्हणाले होते, बरोबर हाय की, नियम म्हंजे नियम. मास्तर गेल्यावर मात्र त्यांनी रायफल काढून विनाकारण तासभर पुसली होती.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी मास्तर आपट्याची पानं घेऊन आले. मामंजी सोप्यातल्या आपल्या टेबलापाशी बसून काडतुसं भरत होते. आत्याबाईंनी चहा गाळला. मामंजींचा पेला नेहमीप्रमाणे आधी स्वतःच्या दोन्ही तळव्यांत थोडा वेळ धरला आणि मग तबकात ठेवला. ही त्यांची रोजची सवय होती. म्हातारपणी हाताला ऊब बरी वाटत असेल, असं मला वाटे, आणि तेवढ्यात चहा निवतो म्हणून मनातल्या मनात चिडायचेही.

मी तबक घेऊन सोप्याच्या दारात पोचले आणि आतून आवाज आला. कुईंऽ असा, बारीक. मामंजींनी टेबलावरच्या प्रेसचा, म्हणजे गोळी दाबून बसवायच्या यंत्राचा, दांडा खाली दाबला होता. दांडा खाली आला की वरची गोळी पुंगळीच्या गळ्यात बसते, एवढं मला ठाऊक होतं. पण तीन महिन्यांत असा आवाज कधी ऐकला नव्हता.

“सुभेदार, ही रडाय का लागलीय?” मास्तरांनी विचारलं. मग टेबलावरची एक रिकामी पुंगळी उचलून तिच्यात डोकावले. “गळ्यातली काजळी कुठं गेली?”

“मीच घासली,” मामंजी म्हणाले. “खंडेनवमी हाय, म्हटलं जरा उजळावं.”

“चौदा वर्षांत कधी न्हाई वाटलं ते?”

“म्हातारपण. दुसरं काय?”

मास्तर दांडा, पुंगळ्या, खिडकी असं सगळीकडे बघत होते, फक्त माझ्याकडे बघत नव्हते. तेव्हाच मला कळलं की त्यांना कळलंय. मग ते बोलले, मामंजींशीच बोलले, पण सावकाश, शाळेत नव्या पोराला समजेल अशा बेतानं. ती काजळी म्हंजे वंगण होतं सुभेदार. तिच्यावरनं गोळी घसरत जाऊन बसायची, सगळ्या सारख्या. आता कोरडं पितळ. एक सैल बसणार, एक दाताखाली धरल्यासारखी घट्ट. सुटताना एक वर जाणार, एक खाली. तुमचा नेम कितीबी सरळ असू दे, दोनशे सत्तर व्हायचे कसे?

मास्तरांनी आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवली, दोघं उराउरी भेटले. मी चहा ठेवला. ठेवताना निम्मा तबकातच सांडला.

मास्तर गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रडता रडता सगळं सांगितलं. आत्याबाई भाकरी थापत होत्या, त्यांनी थापणं थांबवलं नाही. त्यांनी सांगितलं की त्या टेबलाला त्यांनी स्वतः कधी फडकं लावलं नाही. जयसिंग, म्हणजे माझे हे, सोळा वर्षांचे असताना मित्राला दाखवायला एक पुंगळी घेऊन गेले, तर बाप लेकाशी महिनाभर बोलला नव्हता. हे ऐकून मी आणखी जोरात रडायला लागले. मला एका शब्दानं कुणी रागावलं नव्हतं, आणि तेच जास्त लागत होतं. दोन शब्द बोलले असते तर मी पाया पडून मोकळी झाले असते.

“रडून काजळी यायची न्हाई,” आत्याबाई म्हणाल्या. “जा, त्यांनाच इचार काय करायचं ते.”

मी तोंड धुऊन सोप्यात गेले. मामंजी खिडकीतून बाहेर बघत बसले होते. मी म्हटलं, “चूक माझी आहे मामंजी. तुम्ही तुमच्या अंगावर का घेतलीत?”

त्यांनी हात मागे खुंटीकडे नेला. कोटाच्या खिशातून तीन पुंगळ्या काढल्या. त्या तिथे राहून गेल्या होत्या म्हणून माझ्या तावडीतून सुटल्या होत्या. बाहेरून मळकट, गळ्याच्या आत काळ्या. एक त्यांनी प्रेसमध्ये ठेवली, वर गोळी धरली, आणि मला म्हणाले, “दांडा धर. हळू दाब.”

मी घाबरतच दाबला. गोळी एकसारखी खाली गेली, कुठे अडली नाही. मग त्यांनी मी घासलेली एक ठेवली. दांडा अर्ध्यात अडला, मग एकदम सुटला, आणि तोच कुईं आवाज.

“काय सांगतोय हात?”

मी म्हटलं, “कासारीण हाताला साबण लावून बांगडी चढवते ना, तशी पहिली. दुसरी म्हणजे साबण संपल्यावर चढवलेली.”

मामंजी माझ्याकडे वळले. चार-पाच पुंगळ्या पुढ्यात घेतल्या आणि मला डोळे मिटायला सांगितलं. कोणती ठेवली हे न सांगता ते एकेक पुढे करत गेले आणि मी दांडा दाबत गेले. ही साबणाची. ही कोरडी. ही कोरडीच, पण मघाच्यापेक्षा सैल. मला गंमत वाटायला लागली होती. डोळे उघडले तर मामंजी माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, आता राग बाहेर येणार. पण ते एवढंच म्हणाले, “परत एकदा कर.”

परत केलं. तिसऱ्यांदाही करायला लावलं.

मग प्रश्न आला वंगणाचा. मी म्हटलं, खोबरेल तेलाचं एक बोट फिरवलं तर? मामंजींनी मान हलवली. तेल दारूत उतरतं आणि दारू मरते, वंगण पायजे ते कोरडंच. काजळी वर्षानुवर्षं गोळ्या उडून बसते, ती दोन दिवसांत कुठून आणायची, असं ते म्हणाले. तेव्हा मला एकदम ताटली आठवली. वाईला माझी आई कापूर पेटवून त्यावर तांब्याची ताटली उपडी धरायची आणि बाळांसाठी काजळ धरायची. तुपात खलायच्या आधी ती काजळी अगदी कोरडी असते, बोटाला लागली तर भुरभुरते.

“मीच काढली, मीच भरते,” मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात कापराच्या वासानं देवळासारखं झालं होतं. आत्याबाई ताटली धरून बसल्या. काजळी जमली की त्यांचा हात सवयीनं तुपाच्या वाटीकडे जायचा आणि दारात उभे असलेले मामंजी घसा खाकरायचे. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा त्यांनी वाटीच उचलून फडताळात टाकली आणि म्हणाल्या, “एवढा पहारा कश्मीरला तरी दिला होता का?” मामंजी हसले. त्या आठवड्यात ते पहिल्यांदाच हसले.

काडीला कापूस गुंडाळून मी काजळी प्रत्येक गळ्यात फिरवली. दोनदाच, मामंजींनी बजावलं होतं, जास्त झाली तर ती पण वाईटच. टोपी बसवणं आणि सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या काट्यावर दारू तोलणं त्यांनी स्वतःकडे ठेवलं. दांडा मात्र माझ्याकडे दिला. प्रत्येक गोळी बसली की ते विचारायचे आणि मी सांगायचे. सैल असेल ते काडतूस डाव्या डब्यात, घट्ट असेल ते उजव्या, आणि साबणाच्या बांगडीसारखं असेल ते मधल्या. एखाद्या वेळी मी घुटमळले तर ते म्हणायचे, घाई न्हाई, हाताला इचार. दोन दिवस आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. लग्नानंतर मी कुणाशी एवढं बोलले नव्हते, ह्यांच्याशीसुद्धा नाही. वाईचा घाट, माझी शाळा, त्यांच्या पलटणीतला म्हैसूरचा स्वयंपाकी, सगळं बोलून झालं.

शनिवारी संध्याकाळी मधल्या डब्यात सदतीस काडतुसं होती. तीस स्पर्धेची, बाकी आधी नेम बसवायला. मामंजींनी डबा बंद केला आणि मला म्हणाले, “उद्या तू चल.”

क्लबचं मैदान गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी होतं. बायका तिथे कुणी यायच्या नाहीत. मला करंजाच्या झाडाखाली खुर्ची मिळाली आणि चारचौघांच्या नजराही मिळाल्या. मामंजी सतरंजीवर पालथे झाले, रायफल खांद्याला लावली. पहिल्या दहा गोळ्या झाल्या तरी मी पदराचं टोक चावत होते. निशाणाजवळच्या खंदकातून प्रत्येक गोळीला लांब काठीवरची थाळी वर यायची आणि किती गुण ते दाखवायची. मला त्यातलं काही समजत नव्हतं. मी आपली मुल्लामास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मास्तर दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. विसाव्या गोळीनंतर त्यांनी दुर्बीण काढली, चष्मा पुसला, आणि पुन्हा लावली. चष्मा तर त्यांनी आधीच काढून ठेवलेला होता, मग पुसला का, ते मला आजही कळलेलं नाही.

तीस गोळ्यांचे दोनशे चौऱ्याहत्तर झाले. शेवटची तेवढी सातावर गेली होती.

मास्तरांनी निशाणाचा कागद आणून मामंजींसमोर धरला. भोकं सगळी मधोमध दाटीनं बसली होती, वर-खाली पसरलेली नव्हती. “दोन वर्षांत तुमचा असा कागद बघितला न्हवता,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, पण बोलणं मामंजींशीच ठेवून म्हणाले, “सुभेदार, पुढल्या खंडेनवमीला माझ्या पुंगळ्या बी घासून द्या.”

सगळे हसले. का हसायचं ते मास्तर, मामंजी आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

परत येताना आम्ही बसथांब्यावर उभे होतो. रायफल गवसणीत, रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी माझ्या हातात. उन्हं कलायला लागली होती आणि बसचा पत्ता नव्हता. मी शेवटी विचारलंच.

“मामंजी, तुम्ही मला रागावला का नाहीत?”

“रागावणार होतो,” ते म्हणाले. “नवमीला सकाळीच रागावणार होतो. पण तू अशी कौतुकानं सांगाय लागलीस, दोन तास लागले म्हणून. म्हटलं, सणाचं नको. उद्या रागावू.”

“आणि उद्या?”

त्यांनी उजवा हात पुढे केला. अंगठा आणि मधली दोन बोटं एकमेकांवर चोळून दाखवली.

“ह्यांना काय कळत न्हाई,” ते म्हणाले. “बर्फात गेली होती तवा थोडी मेली, राहिलेली आता दोन वर्षांत गेली. चाप वढायचं बोट तेवढं शाबूत हाय. गोळी सैल बसली का घट्ट, मला समजतच न्हवतं. कानानं अंदाज करायचो. काजळी होती तवा बी माझी काडतुसं एकसारखी होत न्हवती, पोरी. सगळ्यांना वाटायचं नेम गेला.”

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“मग तू डोळं झाकून सांगितलंस, ही साबणाची, ही बिनसाबणाची. तुला रागावलो असतो तर तू त्या टेबलापाशी परत आली असतीस का? मला हात पायजे होता.”

एवढं म्हणून ते बसच्या वाटेकडे बघायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि या वेळी मी ते लपवलं नाही. तीन महिने मी त्या घरात पाहुण्यासारखी वावरत होते, कुठल्या डब्यात काय आहे हे विचारून विचारून. त्या बसथांब्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आता घरी चाललोय.

“हिला सांगू नकोस,” बस दिसल्यावर ते म्हणाले. “उगं काळजी करंल. तिला ठाऊक न्हाई.”

मी कबूल केलं.

घरी पोचलो तर आत्याबाई दारातच होत्या. किती झाले ते मामंजींनी सांगितलं. त्या नुसतं बरं म्हणाल्या आणि देवापुढे साखर ठेवायला आत गेल्या. मामंजी सोप्यात टेकले. मी पुंगळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली. एकेकीचा गळा आतून पुन्हा काळा झाला होता, आणि एवढा सुंदर काळा रंग मी कधी बघितला नव्हता.

आत्याबाईंनी चहा केला. मी तबक पुढे केलं. त्यांनी मामंजींचा पेला भरला, दोन्ही तळव्यांत धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. पेल्यातून वाफ निघत होती. त्यांचे तळवे लाल झालेले मला दिसले, पण त्यांनी पेला खाली ठेवला नाही. बोटांना चटका बसणार नाही एवढा निवल्यावर मग तबकात ठेवला.

“जा, दे त्यांना,” त्या म्हणाल्या. “आन् त्यांना काय सांगू नको.”